सहा रिंगा

काल लेकाने पाण्यात सहा फेऱ्या मारल्या. पंधरा वर्षांचा आहे, ऑटिझम आहे, आणि वर्षभरापूर्वी शाळेव्यतिरिक्त घराबाहेर पाऊल टाकत नव्हता. म्हणून लिहायला बसले.

आम्ही आता जिथे राहायला आलोय, तिथल्या पोहायला शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्या भेटीत "पोहता येतं का?" असं विचारलंच नाही. "त्याला त्रास कशाचा होतो?" एवढंच विचारलं. मी सांगितलं: शिट्टी, हात वाळवायच्या मशीनचा आवाज आणि "अजून थोडं" हे शब्द. थोडं म्हणजे किती, हे त्याला उमगत नाही. पुढच्या खेपेला काठावर दोन खुंट्या होत्या आणि एकीवर एक रबरी रिंग. फेरी झाली की रिंग दुसऱ्या खुंटीवर, की पोहणं संपलं. महिनाभर एकच रिंग. नवी वाढवायची तर आदल्या दिवशी कार्डावर चित्र काढून दाखवायचं. आयत्या वेळी "आज अजून एक" असं बाई एकदाही म्हणाल्या नाहीत. तहान लागलेली त्याला कळत नाही, म्हणून तिसऱ्या रिंगेला पाण्याची बाटली. शिट्टी तर त्या वेळात वाजतच नाही.

तिकडे, जुन्या शाळेत, पीटीच्या तासाला त्याला स्कोअर लिहायला बसवायचे. भिडू निवडताना तो शेवटी उरायचा, त्यापेक्षा बरं, असं तेव्हा मलाही वाटलं होतं. आता राग येतो. पण इथल्या शाळेनेही त्याला थेट फुटबॉलमध्ये ढकललं होतं आणि तो कान दाबून मैदानात खाली बसला होता. तेव्हा इथलं सगळंच चांगलं, असं मी म्हणणार नाही. आम्ही त्याच्यासाठीच इकडे आलो, असं लोकांना सांगते खरी, पण नोकरी आधी आली होती.

आई फोनवर विचारते, "एकट्याने पोहून मित्र कसे होणार गं?" मित्रांचं नंतर बघू. पाण्याचा दाब अंगाला सगळीकडून लागतो आणि तो शांत होतो, आज मला तेवढं पुरे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या शिफारशीत 5 ते 17 वर्षांच्या मुलांसाठी, अपंगत्व असलेल्यांसाठीही, रोज सरासरी 60 मिनिटं मध्यम ते जोरदार हालचाल सांगितली आहे. आम्ही आठवड्यातून तीन दिवस, पंचवीस मिनिटांवर आहोत. गोळ्यांनी वाढलेलं वजनही अजून तसंच आहे.

काल सहावी रिंग अडकवून तो न सांगता टॉवेलकडे गेला. परवा पूल बंद आहे. ते कार्ड मला आजच बदलून ठेवायचंय.