केमन-९११ जोडी, १:२४ : इंजिनं बसली

खऱ्या गाडीच्या चोविसाव्या भागाएवढ्या दोन पोर्शे मॉडेल करतोय; रविवारी त्यांच्या दोन्ही चेसिस पहिल्यांदा शेजारी ठेवल्या. डावीकडे २०१५ ची पोर्शे केमन जीटी४, उजवीकडे त्याच काळातली ९११ कॅरेरा एस. चाकं सोडली तर सगळं घरी, प्लॅस्टिक शीट कापून. शेजारी आल्यावर जाणवलं, धाकट्या, स्वस्तातल्या केमनचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) मोठा! खऱ्या गाडीत २४८४ मिमी, ९११ चा २४५०. माझ्या मापात जेमतेम दीड मिमी, पण व्हर्नियर लावला की दिसतो.

इंजिनाचा साचा एकच केला आणि रेझिन दोनदा ओतलं. ३.८ लिटर, सहा सिलिंडर आडवे, तीन-तीन समोरासमोर. खऱ्या जीटी४ लाही कॅरेरा एसचंच इंजिन आहे. फरक जागेचा. ९११ मध्ये ते मागच्या ॲक्सलच्याही पाठीमागं, म्हणून मधे दोन छोट्या सीटा मावतात. केमनमध्ये ॲक्सलच्या पुढं, ड्रायव्हरच्या पाठीशी. उद्यमबागेत लेथवर चाकं करून देणाऱ्या काकांनी दोन्ही हातात घेऊन बघितल्या. म्हणाले, "भार मधी हाय तीच वळणावर चांगली की ओ. मग ती स्वस्त कशी?"

याच प्रश्नापायी मी ही जोडी करायला घेतली. कॅरेरा एस ४०० पीएस (म्हणजे अश्वशक्ती), जीटी४ ३८५. इंजिन तेच, १५ पीएस हातचे राखलेले. २०२१ मध्ये केमनच्याच जीटी४ आरएसला थेट ९११ जीटी३ चं ४ लिटर इंजिन मिळालं, तरी ५०० पीएस आणि जीटी३ ला ५१०. धाकटीला वाढू दिलं, पण थोरलीचा पाट हलू दिला नाही. तो पाट एकदा हलणार होता. १९७७ ची पोर्शे ९२८, पुढं व्ही८ इंजिन असलेली, ९११ च्या जागी यायची होती. १९८१ ला पीटर शुट्झ कंपनीचे प्रमुख झाले आणि त्यांनी ९११ चालू ठेवली. त्यांचं बरोबरच होतं. तरी केमनचे ते १५ पीएस मला अजून खुपतात.

काम मात्र अडलंय. परवा झड लागलेली असताना घाईनं प्रायमर मारला आणि केमनचं मागचं मडगार्ड पांढरं पडलं. ८०० नंबरचा वॉटर पेपर मारून पुन्हा प्लॅस्टिकपर्यंत आणलंय. आता दोन दिवस कडक ऊन पडल्याशिवाय डबा उघडायचा नाही. तोवर ९११ च्या त्या दोन छोट्या सीटा कापतो.