‘सप्रेम भेट’ खोडल्यावर मंजूर झालेली देणगी

आमच्या वसाहतीच्या नोंदणीकृत न्यासाचा सचिव या नात्याने मी नागपुरातील आमच्या भागातल्या पोलीस ठाण्याला अग्निसुरक्षेचे साहित्य देण्याचे काम पाहिले. पैसे तीन आठवड्यांत जमले. ते साहित्य ठाण्याच्या भिंतीवर लागायला मात्र पाच महिने गेले.

निमित्त होते मागच्या आवारातील जप्त वाहनांचे. दुचाकी एकमेकींना टेकून उभ्या, काहींच्या टाक्यांत पेट्रोल शिल्लक, मधून वाळलेले गवत आणि त्याच भिंतीवर झाकण तुटलेला विजेचा डबा. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास असताना हे दृश्य पाहून माझा जीव खालीवर झाला. आत ठाणे अंमलदारांच्या मागे एकच अग्निशामक होता आणि त्याचा दाब दाखवणारा काटा लाल पट्ट्यात पडलेला होता, म्हणजे दाब उतरलेला होता.

न्यासाच्या सभेत बहुतेकांचा कल कॅमेरे देण्याकडे होता. ठाणेदार साहेबांनी ती सूचना तिथल्या तिथे नाकारली. सर्वोच्च न्यायालयाच्या २ डिसेंबर २०२० च्या निकालानुसार ठाण्यातील कॅमेरे ही राज्य शासनाची जबाबदारी आहे. त्यांत आवाजाची नोंद हवी, रात्री दिसायला हवे आणि चित्रण शक्यतो १८ महिने जपून ठेवता यायला हवे. बाजारातला चार कॅमेऱ्यांचा संच यात बसत नाही. शिवाय कोठडीवर नजर ठेवणारे यंत्र खासगी देणगीतून येऊ नये, हे मलाही पटले.

पहिला अर्ज वरिष्ठ कार्यालयातून परत आला. चूक माझीच होती. देवळातल्या बाकांवर लिहितात त्या सवयीने मी ‘ठाणेदार साहेबांना सप्रेम भेट’ असे लिहिले होते, आणि वर्तणूक नियमांमुळे शासकीय कर्मचाऱ्याला अशी भेट घेता येत नाही. दुसऱ्या अर्जात ‘पोलीस ठाण्यास वस्तुरूप देणगी, विनाअट’ एवढेच लिहून विश्वस्तांचा ठराव, तीन दरपत्रके आणि साहित्याची यादी जोडली.

‘विनाअट’ या शब्दाची किंमत पुढे कळली. एका देणगीदारांना दर्शनी भिंतीवर नावाची पाटी हवी होती, आणि त्यांच्याच भाडेकरूशी असलेल्या वादाची तक्रार त्याच ठाण्यात पडून होती. आम्ही त्यांचा धनादेश परत केला. त्यांनी वसाहतीत आमच्याशी बोलणे सोडले. मला आजही त्याची खंत नाही.

देणग्या आम्ही धनादेशानेच घेतल्या, कारण २,००० रुपयांवरील रोख देणगीला प्राप्तिकरातली कलम ८०जी ची सवलत मिळत नाही. वस्तुरूप देणगीला तर ती मुळीच मिळत नाही, म्हणून देणगीदारांनी न्यासाला पैसे दिले आणि खरेदी न्यासाने आपल्या नावावर केली.

साहित्य पोचले तेव्हा मुद्देमालाचे काम पाहणाऱ्या हवालदारांनी प्रत्येक नळकांड्याचा क्रमांक जडवस्तू संग्रह नोंदवहीत, म्हणजे ठाण्याच्या टिकाऊ सामानाच्या वहीत, स्वतःच्या हाताने उतरवला. विजेच्या डब्याजवळचा अग्निशामक कार्बन डायऑक्साइडचा असल्याने त्याला काटा नव्हता. “काका, हा भरलेला आहे हे ओळखायचे कसे?” त्यांनी विचारले. वजनावरून, असे मी सांगताच त्यांनी मुद्देमालाच्या खोलीतला वजनकाटा बाहेर आणला आणि आलेले वजन क्रमांकापुढे लिहिले. गवत त्याच आठवड्यात कापले गेले. दुचाकी अजून तिथेच आहेत. त्यांच्या विल्हेवाटीसाठी न्यायालयाचा आदेश लागतो.