हातचं राखून?

"घरी आलं की एवढं सगळं करून खायला घालता, मग रेसिपी मागितली की विषय का बदलता?" हा प्रश्न मला इतक्या जणांनी इतक्या वेगवेगळ्या सुरांत विचारलाय, कोणी हसत, कोणी खरंच रागावून, कोणी मला सोडून माझ्या नवऱ्याला, की म्हटलं आता एकदाच काय ते लिहून टाकू. तुम्ही विचारलंत म्हणून.

मी काय काय करते ते तुम्हाला माहितीये, तुम्ही खाल्लंय. साखरेतल्या संत्र्याच्या साली, जेली, लेमन कर्डचे (म्हणजे लिंबाचा रस, अंडी, साखर आणि लोणी शिजवून केलेल्या दाट क्रीमचे) छोटे टार्ट, मार्मलेड, म्हणजे सालींसकट केलेला संत्र्याचा जॅम. घरात माणसं जमणार असली की यातलं काहीतरी असतंच आणि ते मी स्वतः करते, मला त्याचा अभिमान आहे. पण मी हातचं राखून सांगते, एखादा जिन्नस मुद्दाम गाळते, असं जे काहींनी ठरवून टाकलंय ना, ते मला लागतं. खूप लागतं. कारण यात लपवण्यासारखं काही नाहीच आहे. साल, पाणी, साखर. काय लपवू यात?

घ्या, सालींचंच सांगते. फळ गरम पाण्यात घासून धुवायचं, कारण विकतच्या फळावर बऱ्याचदा मेणाचा थर असतो. सालीच्या पट्ट्या कापायच्या, थंड पाण्यात टाकून उकळी आणायची, ते पाणी ओतून द्यायचं, परत थंड पाणी, परत उकळी, परत ओतायचं. कडवटपणा बराचसा त्या पाण्याबरोबर जातो. मग ताज्या पाण्यात इतक्या शिजवायच्या की अंगठा आणि बोटात दाबली की साल चिरडली गेली पाहिजे. आणि मगच साखर, आधी अजिबात नाही, कारण एकदा पाकात गेली की साल आणखी मऊ होत नाही, जशी आहे तशीच राहते, उलट चिवट होते. साखर आणि पाणी सारखं, थोडासा लिंबाचा रस म्हणजे पाकाचे खडे होत नाहीत, आणि अगदी मंद आच. एक पट्टी काट्याने उचलून उजेडासमोर धरा. सुरुवातीला आतला पांढरा भाग खडूसारखा दिसतो, उजेड अडवतो. मग कडेने तो हळूहळू आरपार व्हायला लागतो आणि मध्ये एक पांढरी रेघ उरते. ती रेघ गेली की झालं. जाळीवर रात्रभर सुकवायच्या आणि साखरेत घोळवायच्या.

झाली रेसिपी. आता तुम्ही विचाराल पाणी कितीदा बदलायचं? तीनदा, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. पातळ सालीच्या संत्र्याला तीनदा पाणी बदललं तर कडवटपणाबरोबर वासही जातो आणि नुसती गोड दोरी चघळल्यासारखं होतं. पपनसाच्या जाड सालीला तीनदा पुरत नाही. लिंबाला वेगळं. मग मी काय लिहू? "चव घेऊन बघा" असं सांगितलं की लोक माझ्याकडे असं बघतात की बघा, टाळतेय.

मी टाळत नव्हते हो. एक काळ होता जेव्हा मी मागेल त्याला, न मागेल त्यालाही लिहून द्यायचे. मी तेव्हा नवीन वजनकाटा घेतला होता, थर्मामीटर घेतला होता, आणि माझं ठाम मत होतं की जी बाई "अंदाजाने घाल" म्हणते तिला एकतर नीट माहीत नसतं किंवा सांगायचं नसतं. मोजता येतं ते सगळं सांगता येतं, असं मी लोकांना तोंडावर म्हटलेलं आहे. वहीत सगळं ग्रॅममध्ये. मार्मलेड १०४ ते १०५ डिग्रीला उतरवा, कर्ड ७७ च्या वर नेऊ नका नाहीतर अंडं फुटेल, कर्डला ॲल्युमिनियमचं पातेलं नको कारण आम्लामुळे धातूची चव उतरते. हे सगळं खरं आहे, आजही खरं आहे.

मग ती जेली.

सासूबाईंचा ७५ वा वाढदिवस नणंदेच्या घरी होता, दोन्हीकडची माणसं, तिच्या सासरचे लोक, मुलं. तिने आधीच्या आठवड्यात माझ्याकडे जेलीची रेसिपी मागितली, आईंना माझी ती जेली फार आवडते म्हणून, आणि मला इतकं बरं वाटलं की मी बसून व्यवस्थित लिहून दिली. संत्र्याचा गाळलेला रस अर्धा लिटर, अगर-अगर पावडर (समुद्री शेवाळाची, जेली घट्ट बसवणारी) इतकी, साखर इतकी, साचा, फ्रिज. माझी नणंद ही अतिशय टापटीप बाई आहे, माझ्यापेक्षा जास्त, तिने कागदावरचा एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. दुसऱ्या दिवशी गडबड नको म्हणून आदल्या संध्याकाळी केली. एवढ्या माणसांसाठी हाताने कुठे पिळत बसायचं म्हणून संत्री सोलून, पाकळ्या तशाच मिक्सरमध्ये फिरवल्या, दोनदा गाळून घेतल्या. चव बघितली, गोड. मला फोन केला, "वहिनी, मस्त झालाय गं रस." मग अगर त्याच रसात घालून उकळलं, साच्यांत ओतलं आणि सगळं फ्रिजमध्ये.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाली आणि तिने ते साचे एका मोठ्या ताटात उलटे करून आणले, इतके सुंदर दिसत होते, प्रत्येकावर पुदिन्याचं एक पान. पहिला चमचा आईंनी घेतला. त्या काही बोलल्या नाहीत, त्यांनी गिळलं आणि पाणी मागितलं. मग एका लहान मुलाने सरळ थुंकून टाकलं आणि "औषध आहे हे" म्हणाला. मी चमचा घेतला. पहिल्यांदा गोड लागलं आणि मग घशाच्या मागे कडू, असं कडू की ते जातच नाही, पाणी प्यायलं तरी तिथेच. तिच्या सासूबाई "असू दे गं, होतं कधीकधी" म्हणाल्या आणि त्या म्हणण्याने आणखीच सगळं अवघड झालं. नणंदेने ताट उचललं, आत नेलं, मी मागोमाग गेले. ती साचे एकेक करून सिंकमध्ये उपडे करत होती आणि माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "वहिनी, काय सांगायचं राहिलं?"

मी म्हटलं काहीच नाही. तिने परत विचारलं. मी परत म्हटलं की अगं जे मी करते तेच लिहिलं, अगदी तेच. ती म्हणाली, "मग तुझी का नाही होत कडू?" आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरंच नव्हतं. तिला ते पटलं नाही हे मला तिच्या मानेवरून दिसत होतं. त्या दिवसानंतर तिने मला एकही रेसिपी विचारलेली नाही. आम्ही बोलतो, सणावाराला भेटतो, सगळं नीट आहे, पण स्वयंपाकघरातलं आमचं बोलणं बंद झालं ते झालंच. आणि "हातचं राखून सांगते" हे वाक्य कुठून सुरू झालं असेल याचा अंदाज तुम्ही करू शकता, मी कोणाचं नाव घेत नाही.

उत्तर मला खूप नंतर वाचताना सापडलं. संत्र्याच्या पाकळ्यांच्या पापुद्र्यात एक पदार्थ असतो, तो स्वतः कडू नसतो. फळ अख्खं असतं तोवर तो आणि रसातलं आम्ल वेगवेगळे राहतात. पापुद्रा फाटला, रसात मिसळला, की आम्लामुळे त्याचं हळूहळू लिमोनिन बनतं आणि लिमोनिन जबरदस्त कडू, दहा लाख भाग रसात पाच-सहा भाग असलं तरी जिभेला कळतं. याला काही तास लागतात. उकळलं तर आणखी लवकर होतं. बियांमध्ये तर ते आधीच असतं. म्हणजे संध्याकाळी चव घेतली तेव्हा रस खरंच गोड होता, तिची जीभ बरोबर होती, माझा कागदही बरोबर होता, आणि सकाळपर्यंत तो दुसराच रस झाला होता. ज्यूसच्या धंद्यातल्या लोकांना हे कधीपासून माहीत आहे, बिनबियांच्या नेव्हल संत्र्यात हा त्रास जास्त म्हणून ज्यूससाठी व्हॅलेन्सिया जात जास्त वापरतात. फळ झाडावर जितकं पूर्ण पिकतं तितका हा त्रास कमी होतो.

आणि मी? मी रस नेहमी त्याच दिवशी सकाळी काढायचे, हाताने, हलका दाब देऊन, कारण आदल्या रात्री माझ्या फ्रिजमध्ये जागाच नसते. अगर मी वेगळ्या पाण्यात उकळायचे आणि मग त्यात रस घालायचे, कारण तसं केलं की जेली घट्ट बसते, आंबट रसात उकळलं की अगरची ताकद कमी होते एवढंच मला माहीत होतं. तेवढं बारीक कोण लिहितं? मला ती पद्धत वाटतच नव्हती, ती माझी सोय होती. कागदावर मी पदार्थ लिहिला आणि जी गोष्ट त्याला वाचवत होती ती माझ्या दिवसाच्या वेळापत्रकात होती.

मी हे नणंदेला सांगितलं. ती "अच्छा" म्हणाली.

आता माझी ती जुनी मी, वजनकाटावाली, ती माझ्याशी भांडते. म्हणते, मग आता कळलंय ना, तर तेही लिही. रस त्याच दिवशी, हाताने, बिया नकोत, पापुद्रा नको, उकळू नको. चार ओळी वाढल्या, एवढंच. यावर माझं म्हणणं असं की त्या चार ओळी मला तिच्या रडवेल्या तोंडाच्या बदल्यात मिळाल्या, पुढच्या चार कोणाच्या बदल्यात मिळणार? मार्मलेडचंच घ्या. १०४ डिग्री लिहून दिलं, आणि घर उंचावर असेल तर पाणीच मुळात कमी तापमानाला उकळतं, दर ३०० मीटरला साधारण एक डिग्री कमी, मग तो माणूस १०४ ची वाट बघत मार्मलेडची चिक्की करून बसतो आणि तो माझा शब्द पाळत असतो. त्यापेक्षा गार बशीवर थेंब टाक, बोटाने ढकल, सुरकुती पडली की उतरव. पण सुरकुती कशी ती दाखवावी लागते.

जुनी मी म्हणते हे सगळे बहाणे आहेत, तुला मागितलेलं आवडतं. हो, आवडतं. कोणी दुसऱ्यांदा ताट पुढे केलं आणि "कसं करता हो?" विचारलं की मला आतून छान वाटतं, ते मी नाकारणार नाही. पण म्हणून मी लपवते हे त्यातून निघत नाही.

आणखी एक गोष्ट, जी कोणी लक्षातच घेत नाही. पाहुण्यांना खायला घालणं म्हणजे समोर कोण बसलंय ते बघणं. ग्रेपफ्रूट, म्हणजे ते पपनसासारखं कडसर फळ, मी विचारल्याशिवाय कोणाला देत नाही. १९८९ साली कॅनडात संशोधक एका ब्लड प्रेशरच्या गोळीवर दारूचा काय परिणाम होतो ते बघत होते, दारूची चव झाकायला ग्रेपफ्रूटचा रस वापरला आणि त्या रसामुळेच रक्तात औषध भलतंच वाढलं. फेलोडिपिन ती गोळी. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांचंही तसंच, सिमवास्टॅटिन त्यातली एक. पपनस आणि मार्मलेडची कडू संत्रीही त्यातच येतात. सकाळी खाल्लं आणि गोळी रात्री घेतली म्हणून सुटत नाही, परिणाम दिवसभर टिकतो. कुटुंबातली वडीलधारी माणसं जमतात तेव्हा निम्म्या लोकांच्या खिशात कसली ना कसली गोळी असते. माझी रेसिपी कोणाकडून कोणाकडे फॉरवर्ड होत गेली तर हे कोण विचारणार? तुम्ही म्हणाल एवढं काय, एक चमचा मार्मलेड. असेल. मी तरी विचारते.

म्हणून मी म्हणते की घरी या. करताना या, खायला नंतर. फळं तुमची आणा, माझी नकोत, तुमच्याकडे जी मिळतात तीच. कापू, वास घेऊ, पांढरं किती जाड आहे ते बघू, मग ठरवू पाणी कितीदा. विचाराल ते सगळं सांगते. या बोलावण्याला फारच कमी जण येतात आणि मग तेच लोक परत रेसिपी मागतात, याचा मला खरंच राग येतो.

आणि तरी सगळं मिटलंय असं नाही. आता नणंदेची मुलगी मागतेय. "मामी, जेलीची रेसिपी पाठव ना, रविवारी माझ्याकडे सगळे येतायत, आजी पण." तिला ये म्हणायची सोय नाही, ती लांब राहते. तिच्या आईला विचारून मागतेय की न सांगता, तेही मी विचारलं नाही. लिहायला बसले. अगर वेगळं उकळ. रस रविवारी सकाळीच. मिक्सर नको. अगरच्या पाण्यात फ्रिजमधला गार रस ओतू नको, गाठी होतात, आधी बाहेर काढून ठेव. गाळण्यावर पाकळ्या दाबू नको. लिहिता लिहिता ते इतकं लांब झालं की कोण वाचेल, आणि लहान करायला घेतलं की कुठली ओळ काढू तेच कळेना.

अजून पाठवलेलं नाही. तिला संत्र्याचा कापून फोटो पाठव म्हटलंय, बिया आणि साल दिसेल असा, आणि ती म्हणते संत्री अजून आणायचीयेत.