केंब्रिज: एक रात्र राहाच

सकाळी लंडनहून निघायचं, कॅम नदीत बोटीतून एक चक्कर मारायची, किंग्ज कॉलेजसमोर फोटो काढायचे आणि दिवेलागणीला परत. बहुतेकांचं केंब्रिज असंच उरकतं. आम्ही दोघं तिथे राहिलो आणि आता ओळखीच्या प्रत्येकाला सांगतो, निदान एक रात्र राहा. सहलीच्या बसगाड्या गेल्या की गल्ल्या मोकळ्या होतात आणि गाव सायकलवरच्या विद्यार्थ्यांचं होतं.

किंग्ज क्रॉसहून थेट गाडी पन्नासेक मिनिटांत पोहोचवते. स्टेशन मात्र गावाच्या मध्यापासून लांब आहे. सामान असेल तर बस घ्या, नाहीतर वीस-पंचवीस मिनिटं चाला.

आमची पहिली धाव सिनेट हाऊसकडे. गणिताच्या ट्रायपॉसचा, म्हणजे पदवी परीक्षेचा, निकाल इथे आजही मोठ्याने वाचतात. १८९९ मध्ये सीनियर रँग्लर, म्हणजे त्या परीक्षेत पहिला, म्हणून रघुनाथ पुरुषोत्तम परांजप्यांचं नाव आलं. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. त्यांचं सेंट जॉन्स कॉलेज तिथून पाच मिनिटांवर. मुरडीसारख्या कोकणातल्या खेड्यातून निघालेला मुलगा या दारातून ये-जा करत होता, हे तिथे उभं राहिल्यावर जास्त जाणवतं. परांजपे पुढे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले आणि नवरा फर्ग्युसनचा, त्यामुळे त्याचा पाय तिथून निघेना.

शेजारीच ट्रिनिटी. तिथली रेन लायब्ररी चुकवू नका. न्यूटनने स्वतःच्या ‘प्रिन्सिपिया’च्या प्रतीवर हाताने केलेल्या दुरुस्त्या इथे आहेत. रामानुजनची हरवलेली मानली गेलेली वहीसुद्धा १९७६ साली याच ग्रंथालयातल्या कागदपत्रांत सापडली. लोकांसाठी ठरावीक वेळच उघडं असतं, तेव्हा वेळ आधी पाहा आणि बाकीचा दिवस त्याभोवती आखा.

किंग्जचं चॅपेल तिकीट काढूनही बघता येतं, पण आमचा सल्ला संध्याकाळच्या प्रार्थनेचा. सत्र चालू असताना बहुतेक दिवशी ती होते आणि प्रवेश विनामूल्य असतो. अर्धा तास आधी रांगेत लागा. वर दगडाचं पंख्यासारखं पसरलेलं छत, खाली मुलांचे आवाज. धर्म कुठलाही असो, अंगावर काटा येतो. जयंत नारळीकर याच कॉलेजचे फेलो होते.

दोघांनाही सगळ्यात आवडलेली जागा मात्र कॉलेज नाही: केटल्स यार्ड. जिम ईड नावाच्या कलासंग्राहकाचं हे राहतं घर. १९६६ मध्ये त्यांनी ते विद्यापीठाला दिलं. दारावरची घंटा ओढायची, आत जायचं आणि खुर्च्यांवर चक्क बसायचं. मिरोच्या चित्रात एक पिवळा ठिपका आहे आणि जवळच कथलाच्या ताटलीत एक खरं लिंबू ठेवलेलं. ठिपक्याला जोड म्हणून! आत एके ठिकाणी गोटे लहान-मोठे बघून चक्राकार मांडलेले. आम्ही तासभर तिथून हललो नाही. सोमवारी बंद असतं, फिट्झविल्यम संग्रहालयसुद्धा.

बोटीसाठी रस्त्यात एजंट मागे लागतात. आधी दोन-तीन ठिकाणी भाव विचारा, गर्दी नसेल तर कमी करतात. बोट चालवणारा घ्या, म्हणजे कॉलेजांच्या मागच्या बागा निवांत बघता येतील. क्वीन्स कॉलेजचा लाकडी पूल न्यूटनने बांधला, अशी गोष्ट कुणी सांगितली तर सोडून द्या. पूल १७४९चा, न्यूटन १७२७ला गेले.

ग्रँचेस्टर या जवळच्या खेड्याला नदीकाठच्या कुरणांतून चालत जा, तीन-साडेतीन किलोमीटर. वाटेत गाई चरत असतात, पाऊस झाला असेल तर चिखल. पोहोचल्यावर ‘ऑर्चर्ड’ नावाच्या चहाच्या बागेत सफरचंदाच्या झाडांखाली चहा आणि स्कोन.

आपल्याकडच्या मे महिन्याच्या सुट्टीत निघणार असाल तर जरा थांबा. तेव्हा तिथे परीक्षा असतात आणि बरीच कॉलेजं पाहुण्यांना बंद. दिवाळीच्या सुट्टीत सत्र चालू असतं, गायनही ऐकायला मिळतं. फक्त ऑक्टोबरअखेर घड्याळं मागे गेली की पाचच्या आतच अंधारतं, म्हणून ग्रँचेस्टर सकाळीच करा.