टी-पेशीचा लगाम

जेम्स ॲलिसन यांच्या संशोधनाबद्दल वाचताना मी दर वेळी १९९४ सालच्या नाताळापाशी रेंगाळतो. टेक्सासमधील ॲलिस या लहान गावात १९४८ साली जन्मलेल्या या शास्त्रज्ञाची आई ते शाळकरी वयाचे असतानाच कर्करोगाने गेली. त्यांनी पुढे टी-पेशी, म्हणजे शरीराच्या रोगप्रतिकारक यंत्रणेतील लढाऊ पेशी, हाच अभ्यासविषय निवडला.

टी-पेशीच्या पृष्ठभागावरील सीटीएलए-४ हे प्रथिन पेशीला चेतवत नाही, उलट आवरते, असे बर्कलीच्या त्यांच्या प्रयोगशाळेत दिसून आले. मग हा लगामच प्रतिपिंडाने (ठरावीक लक्ष्याला चिकटणाऱ्या प्रथिनाने) निकामी केला, तर मोकळी सुटलेली पेशी कर्करोगाच्या गाठीवर तुटून पडेल का? उंदरांवरील पहिल्या प्रयोगात गाठी नाहीशा झाल्या, तेव्हा हुरळून न जाता त्यांनी तो लगोलग पुन्हा करायला लावला आणि सहकारी नाताळच्या सुट्टीवर गेल्यावर, कोणत्या उंदरांना खरे प्रतिपिंड टोचले आहे हे ठाऊक नसताना, गाठींची मापे स्वतः घेतली. सुरुवातीला सगळ्याच गाठी वाढत होत्या. (ते दिवस त्यांनी कसे काढले असतील!) मग निम्म्या उंदरांमधील वाढ थांबली आणि गाठी आक्रसू लागल्या.

निबंध १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला, पण त्यावर आधारलेल्या इपिलिमुमॅब या कर्करोगावरील औषधाला अमेरिकेत मंजुरी मिळायला २०११ उजाडले. २०१८ चे नोबेल त्यांना जपानच्या तासुकू होंजो यांच्यासह मिळाले. मला मात्र अधिक विचारात पाडते ती या उपचाराची दुसरी बाजू: लगाम सुटलेल्या याच पेशी काही रुग्णांच्या आतड्यांवर आणि त्वचेवरही हल्ला चढवतात.