भांड्यावरचं नाव

घरातलं कार्य उरकलं की स्वयंपाकघरात भांड्यांचा ढीग उरतो. पराती, पातेली, ओगराळी, सगळी शेजारपाजारची आणि सगळी सारखीच. मग एकेक भांडं उजेडात धरून त्यावर कोरलेलं नाव वाचायचं, 'ही वरच्या मजल्यावरच्या काकूंची' म्हणत बाजूला ठेवायचं.

स्वित्झर्लंडच्या जुन्या नोटांचे फोटो बघताना मला हा ढीगच आठवला. तिथे विसाव्या शतकाच्या तोंडावर छत्तीस बँका आपापल्या नोटा काढत होत्या. आधी प्रत्येकीचा तोंडवळा निराळा होता. १८८१च्या कायद्याने साचा एकच केला. ५०, १००, ५०० आणि १००० फ्रँकच्या नोटा, सगळ्यांवर तीच बसलेली हेल्वेशिया, म्हणजे स्वित्झर्लंडचं प्रतीक असलेली स्त्री. नाव तेवढं वेगळं. झुरिकच्या बँकेचं जर्मनमध्ये, जिनिव्हाच्या बँकेचं फ्रेंचमध्ये. शिवाय एका बँकेची नोट दुसरीने मुकाट्याने घ्यायची, आणि नोटांच्या किमतीच्या ४० टक्के सोन्या-चांदीची नाणी तिजोरीत राखायची. (आपल्याकडेही १८६१पर्यंत बँक ऑफ बॉम्बे स्वतःच्या नोटा काढत असे.)

नोटा एकाच बँकेने काढाव्यात, हे १८९१मध्येच राज्यघटनेत आलं. पण ती बँक कोणाची, यावर वाद. सरकारी बँकेचा प्रस्ताव १८९७मध्ये जनमताने फेटाळला. मग ती बर्नला हवी की झुरिकला, हेही भांडण. शेवटी १९०५च्या कायद्याने दोन्हीकडे मुख्यालय दिलं. दोन भावांच्या वाटणीत याहून शहाणा तोडगा मी पाहिलेला नाही.

२० जून १९०७ला राष्ट्रीय बँक उघडली, पण तिच्या स्वतःच्या नोटा कुठे तयार होत्या? मग जुन्याच साच्यात नवं नाव घातलं आणि वर एक लाल फूल छापलं, त्यात पांढरा क्रॉस. फोटोत ते फूल थोडं उपरंच दिसतं, मागून चिकटवल्यासारखं. हेल्वेशिया मात्र जागची हलली नाही. चित्रकार होडलरने रंगवलेला लाकूडतोड्या पन्नासाच्या नोटेवर यायला १९११ उजाडलं.

तोवर जुन्या बँकांना आपापल्या नोटा परत घ्यायला तीन वर्षांची मुदत होती. आमच्या घरी एक ओगराळं आहे, दांड्यावर 'सौ.' एवढंच वाचता येतं, पुढचं घासून गेलंय. चाळ पाडली, माणसं पांगली. ते अजून आमच्याकडेच आहे आणि रोजची आमटी त्यानेच वाढतो.