लाल कार्ड दिलं, मग पुढे काय?

‘आमच्या ग्रामपंचायतीला पाण्याचं लाल कार्ड मिळालं, तरी कुणावर कारवाई का होत नाही?’ पावसाळा आला की हा प्रश्न येतोच. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

एप्रिल आणि ऑक्टोबरात पाणीस्रोतांचं स्वच्छता सर्वेक्षण होतं. विहिरीचा कठडा, पाइपाची गळती, शेजारचा उकिरडा, टीसीएलचा, म्हणजे पाणी शुद्ध करायच्या ब्लीचिंग पावडरीचा साठा असं सगळं पाहून लाल (धोका जास्त), पिवळं (मध्यम) किंवा हिरवं (कमी) कार्ड मिळतं. पण आरोग्य खात्याला ग्रामपंचायतीला दंड करता येत नाही. पत्र गटविकास अधिकाऱ्यांकडे जातं. कर्तव्यात कसूर केल्याबद्दल ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 39 खाली सरपंचाला पदावरून काढता येतं खरं, पण त्याआधी चौकशी, सुनावणी. गॅस्ट्रो काही तेवढा थांबत नाही! शिवाय तपासणारा आरोग्यसेवक एकटा. सपाटीवर पाच हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, त्यात ताप सर्वेक्षण, रक्तनमुने, लसीकरण, आणि पद रिकामं असलं की शेजारचं उपकेंद्रही त्याच्याच गळ्यात. ज्या गावात रोज काम करायचं, त्याच गावच्या सरपंचाविरुद्ध अहवाल लिहायचा, हेही आलंच.

खरी गडबड बहुतेक वेळा पावडरीत असते. ताज्या टीसीएलमध्ये क्लोरीन 33 टक्क्यांच्या आसपास असतो. पोतं फोडून दमट खोलीत ठेवलं की तो उडत जातो, आणि 20 टक्क्यांखाली गेलेली पावडर वापरण्यात अर्थ नाही. ग्रामपंचायत म्हणते ‘टाकतो की रोज’, आणि ते खोटंही नसतं. म्हणून एकदम वर्षभराची पोती भरून ठेवू नका. थोडी थोडी आणा, झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात, अंधारात ठेवा.

मात्रा अंदाजाने टाकायची नाही. आधी विहिरीतलं पाणी मोजा: व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली, सगळं मीटरमध्ये. त्याला 785 ने गुणलं की लिटर. चार मीटर व्यास, तीन मीटर पाणी, म्हणजे सुमारे 37,700 लिटर. हजार लिटरला 5 ग्रॅम पावडर धरली तर सुमारे 190 ग्रॅम. बादलीत आधी पेस्ट करा, मग पाणी घालून ढवळा, दहा मिनिटं निवळू द्या. वरची निवळीच विहिरीत सोडायची, तळाचा चुना नाही. मग निदान तासभर पाणी उपसू नये.

पाण्यात क्लोरीन उरलाय का ते ऑर्थोटोलिडीनच्या थेंबांनी पाहायची चाचणी म्हणजे ओटी टेस्ट. ती टाकीखालच्या नळाला घेऊन वहीत ‘पॉझिटिव्ह’ लिहिणं सोपं असतं. ती शेवटच्या वस्तीतल्या नळाला घ्या. थेंब टाकल्यावर पिवळेपणा पहिल्या दहा सेकंदांत पाहायचा. उशिरा येणारा रंग मोकळ्या क्लोरीनचा नसतो. त्या शेवटच्या नळाला मोकळा क्लोरीन 0.2 पीपीएम (लिटरला 0.2 मिलिग्रॅम) तरी यायला हवा. टाकीपाशी रंग, शेवटच्या नळाला रंगच नाही, तर मधे पाइप फुटलाय किंवा व्हॉल्व्हच्या खड्ड्यात गटाराचं पाणी साचलंय. आधी तो खड्डा बघा.

कारवाई हवी असेल तर ग्रामसभेत लाल कार्डावर नुसता आरडाओरडा नको. ओटीची वही आणि टीसीएल खरेदीची बिलं शेजारी शेजारी मागा. वर्षभर रोज शुद्धीकरण आणि बिल एकाच पोत्याचं, हे इतिवृत्तात नोंदवून घ्या. गटविकास अधिकाऱ्यांना पाठवायला तेवढा कागद पुरतो.